बाईंचा उघड्या डोळ्यांचा फोटो

बाईंच्या पापण्यांचं आणि कॅमेऱ्याचं हाडवैर होतं. कधीपासूनचं म्हणाल, तर पहिलीच्या वर्गाच्या फोटोपासूनचं. त्यात तीस-पस्तीस पोरं डोळे फाडून समोर बघताहेत आणि दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरी, दोन वेण्यांची एक मुलगी गाढ झोपली आहे. लग्नाच्या फोटोत नवरदेव चावी दिल्यासारखा ताठ उभा आणि नवरीचे डोळे बंद. ओळखपत्राच्या वेळी तिथल्या माणसानं बाईंना सात वेळा खुर्चीत बसवलं, आठव्या वेळी हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही फोटो घरूनच काढून आणा." घरी लेकीनं मोबाईलवर धडाधड चाळीस काढले. एकोणतीसांत डोळे बंद, दहांत भूत बघितल्यासारखे वटारलेले, आणि उरलेल्या एकात एकच डोळा उघडा. तो बघून बाईंचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, या वयात डोळा मारतेस? शोभतं का?"

पापण्यांमध्ये दोष म्हणावा तर तोही नव्हता. एरवी दिवसभर त्या शहाण्यासारख्या वागायच्या. पण कुणी "हं, इकडे बघा, डोळे मिटू नका" असं म्हटलं रे म्हटलं, की बाईंच्या मनात दुसरं काही उरायचंच नाही. मिटू नको, मिटू नको, मिटू नको, असं स्वतःला बजावता बजावता नेमकी ती वेळ यायची आणि पापण्या धपकन खाली. माणसाला एखादी गोष्ट करू नको म्हणून सांगावं आणि त्यानं ती करावी, यात नवल ते काय?

या धाकट्या भावाची ओळख आत्ताच करून देतो, कारण तो गप्प बसणाऱ्यांतला नाही आणि पुढे मध्येमध्ये तोंड घालणारच आहे. लेकीचा मामा म्हणून घरात सगळे त्याला मामाच म्हणायचे. दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि चहाला इथे यायचा. आयुष्यभर विमा विकून विकून त्याच्या जिभेला हाड उरलं नव्हतं. मनानं वाईट नव्हता हो. पण एखादा विनोद सुचला आणि तो गिळला, असं त्याच्या हातून कधी घडलं नाही.

बाईंचे यजमान घड्याळजी. चावीवाला आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांच्या घड्याळांच्या पोटात बघत बसायचे. माणूस एकदम चोख आणि एकदम मुका. "जेवण झालं?" या प्रश्नाला "झालं" आणि "दुखतंय का?" या प्रश्नाला "नाही", एवढ्या भांडवलावर त्यांनी पस्तीस वर्षांचा संसार निभावला होता. कान मात्र तिखट. शेजारच्या खोलीतलं घड्याळ आठवड्याला दोन सेकंद मागे पडतंय, हे इथे बसून सांगायचे.

तर, बाई एका शाळेच्या ग्रंथपाल होत्या. एकतीस वर्षं. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी टेबलावर डोकं टेकवलं नाही. पाठीमागच्या कपाटाआड कोण कुजबुजतंय हे त्यांना मान न वळवता कळायचं. डोळ्यांत तेल घालून त्यांनी ती पुस्तकं राखली. निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, मोठा पुष्पगुच्छ दिला आणि फोटो काढला. फोटोत काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल.

महिन्याभरानं शाळेच्या कार्यालयातून फोन आला. नव्या इमारतीच्या जिन्यासमोरच्या भिंतीवर निवृत्त मंडळींचे फोटो चौकटीत लावायचं ठरलं होतं. "तीस तारखेपर्यंत तुमचा एक चांगला फोटो द्या, बाई," कारकून म्हणाला. "नाही जमलं तरी काळजी नको. समारंभातला आहे आमच्याकडे, तोच मोठा करून लावतो."

ही बातमी बाईंनी चहाच्या वेळी सांगितली. समारंभातला फोटो टेबलावर होताच. मामानं तो उचलला, हात लांब करून बघितला. मिटलेले डोळे, किंचित उघडं तोंड आणि छातीशी धरलेली पांढरी फुलं.

"ताई," तो म्हणाला, "हा आत्ताच कशाला देतेस? जपून ठेव. पुढे उपयोगी पडेल."

हसू आलं सगळ्यांना. बाईही हसल्या. मग कप गोळा करून आत गेल्या. आता चार कप विसळायला कितीसा वेळ लागतो? नळ पाऊण तास वाहत होता म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण पंधरा मिनिटं नक्की. मामा बाहेर बडबडत होता. घड्याळजींना मात्र पाण्याच्या आवाजाआडून दुसरा एक आवाज ऐकू आला. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

बाईंनी मागे वळून बघितलं नाही. "एकतीस वर्षं जागी राहिले हो मी," त्या म्हणाल्या. "आणि आता कायमची झोपलेली टांगणार मला तिथे. पोरं जिना चढता-उतरता हसणार. नवीन आलेल्यांना वाटेल, हीच ती ग्रंथालयात झोपा काढणारी बाई."

घड्याळजींनी टॉवेल घेतला आणि एक-एक कप पुसून ठेवू लागले. बायकोच्या रडण्यावर आपल्याकडे एकही शब्द नाही याची त्यांना त्या दिवशी फार लाज वाटली.

शब्द नसले तरी हात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते भंगारवाल्याकडे गेले. जुन्या घड्याळांचे भाग शोधायला ते नेहमीच जायचे. त्या दिवशी एका फुटक्या कपाटाच्या मागे त्यांना एक लाकडी धूड दिसलं. फोटो स्टुडिओत पूर्वी असायचा तसला जुना मोठा कॅमेरा. कोपऱ्यांना पितळ, पुढे वाटीएवढं भिंग, मागे घासून दुधी केलेली काच, आणि मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्या-घड्यांचा लांब गळा. त्या गळ्याची पार चाळण झालेली.

"तो नका घेऊ," भंगारवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "बिघडलाय. काचेत सगळं उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर. दोन गिऱ्हाइकं बघून गेली."

"उलटंच दिसतं त्यात," घड्याळजी म्हणाले आणि डोळ्याला भिंग लावून वाकले. लेन्सच्या कडेला पितळी कडं होतं, त्यावर आकडे होते, आणि आत, गंज आणि धुळीखाली, इवलीशी दातेरी चाकं होती. फोटोसाठी भिंग किती वेळ उघडायचं हे ठरवणारं यंत्र. अरे, हे तर घड्याळच! सेकंदाचे तुकडे करणारं घड्याळ! सगळ्यात टोकाचा आकडा सेकंदाच्या दोनशेव्या भागाचा होता. आणि पापणी म्हणजे तरी काय, एक हलणारा भाग. वेगाचा मामला. वेगाच्या बाबतीत हार मानायला आपण काय चपला विकतो?

बाईंनी दार उघडलं, नवऱ्याच्या कडेवरचं ते धूड बघितलं आणि म्हणाल्या, "आणखी एक म्हातारा आणलात घरात? आहे त्याचं करून मी दमले नव्हते म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल कॅमेऱ्याचं झालं आणि माणसं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. घड्याळजींनी एकेक स्क्रू काढून काडेपेटीत ठेवला, काडेपेटीवर नंबर टाकले. लाकूड पुसून त्याला तेल पाजलं. पितळ लिंबानं घासून इतकं चकाकवलं, की मामा त्यात बघून केस विंचरू लागला. भिंगावर बुरशीचं जाळं होतं. ते जुन्या मलमलीच्या चिंधीनं तीन दिवस हळूहळू पुसलं. सगळं मनासारखं होत होतं, पण भात्यापाशी त्यांनी हात टेकले. चाळणी झालेलं चामडं हातात घेतलं की पापडासारखं मोडायचं.

बाई दोन दिवस बाजूनं येता-जाता बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "ते असं ओरबाडू नका," त्या म्हणाल्या. "द्या इकडे. हे पुस्तकाच्या बांधणीचंच काम आहे. वर कापड, आत अस्तर, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. हजार पुस्तकं बांधली मी आजवर."

मग काय विचारता! बाईंनी जुना भाता वाफेवर धरून उलगडला, त्याच्या घड्या कागदावर उतरवून घेतल्या, बांधणीचं काळं कापड आणलं, सुरीनं पुठ्ठ्याच्या एकशे बारा पट्ट्या कापल्या आणि खळीचं भांडं घेऊन बसल्या. पहिला भाता इतका कडक झाला, की दाबला की उसळून अंगावर यायचा. तो टाकला. दुसरा केला. तो मात्र असा मऊ मिटायचा आणि असा झोकात उघडायचा, की बाई उगीचच दिवसातून चारदा उघडून मिटून बघायच्या. पडदे ओढून, भात्याच्या आत दिवा सोडून त्यांनी बाहेरून उजेडाची भोकं शोधली. चार सापडली, चारही बुजवली. काम करताना त्या गुणगुणायला लागल्या होत्या. हे सगळं कशासाठी चाललंय ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांपैकी एकानंही ते तोंडानं म्हटलं नव्हतं.

फोटो धुवायचं शास्त्र बाईंनीच शोधून आणलं. शाळेच्या ग्रंथालयात एक जुनं पुस्तक पडून होतं. निवृत्त झाल्या तरी त्यांनी ते रीतसर नोंद करून, परतीच्या तारखेसकट आणलं. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग, फोटो कसा काढावा, तो कुणीतरी फाडून नेला होता. फोटो कसा धुवावा, तेवढा शिल्लक होता. "अर्धी विद्या तर अर्धी," घड्याळजी म्हणाले. शहरातल्या एका दुकानातून त्यांनी पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराच्या दहा फिल्मांचा डबा आणला, रसायनं आणली, आणि न्हाणीघराच्या दाराच्या फटींत टॉवेल कोंबून तिथे अंधारखोली केली.

पहिला फोटो अर्थातच बाईंचा. तारीख होती बावीस. सेकंदाच्या दोनशेव्या भागात भिंग उघडलं आणि मिटलं. घड्याळजींनी फिल्म धुतली, कागदावर छापली, बाहेर आणली. फोटो इतका स्पष्ट, इतका सुरेख आला होता, की बाईंच्या मिटलेल्या पापण्यांचा एकेक केस मोजून घ्यावा.

"छान आलाय," बाई म्हणाल्या आणि ताटं घ्यायला आत गेल्या.

आता इथे घड्याळजींची मती फिरली. त्यांनी असा हिशेब मांडला, की खट् असा आवाज होतो, तो बाईंच्या कानावर जातो आणि पापण्या पडतात; तर आवाज पोचण्याआधीच काम उरकलं पाहिजे. म्हणजे वेग वाढवला पाहिजे. आणि वेग वाढवायचा तर जोर वाढवला पाहिजे. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकांना ते एकच उपदेश करत आले होते: यंत्राला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त जोर देऊ नये. तोच माणूस आता गजराच्या घड्याळातली दणकट स्प्रिंग काढून, कापून, त्या नाजूक यंत्रात बसवत होता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर घड्याळजींनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण बायकोचं रडणं ऐकलेला माणूस आणि शहाणपण यांची गाठ कुठून पडणार?

पहिल्यांदा दाबलं, खट्! काय वेग! दुसऱ्यांदा दाबलं, त्याहून झकास. तिसऱ्यांदा दाबलं आणि कचकन आवाज झाला. आतली कागदासारखी पातळ पोलादी पाती एकमेकांत घुसून चुरगळली होती. अति तेथे माती. घड्याळजींनी चिमट्यानं एकेक पातं बाहेर काढलं, सपाट करून बघितलं, आणि ही आता कधी जुळायची नाहीत हे त्यांना बघताक्षणी कळलं. आता त्या लेन्सची उघडझाप करणारं काहीच उरलं नव्हतं. पंचवीस तारीख होती.

बाई बाजारातून आल्या तेव्हा ते म्हणाले, "मोडलं. मीच मोडलं."

आणि मग या मुक्या माणसानं सगळं सांगितलं. स्प्रिंगचं, जोराचं, हात दाखवून अवलक्षण केल्याचं. "तुझा फोटो मला काढायचा होता," ते म्हणाले. "नाही जमलं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांना रागावता आलं असतं. तीन आठवडे मांडीवर जेवलेल्या बाईला तेवढा हक्क असतो. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांचा जीव कळवळला. "मोडलं तर मोडलं," त्या म्हणाल्या. "लावू देत झोपलेली. मी काही रोज जाणार नाही तिथे बघायला. पण नऊ फिल्मा उरल्यात, त्या वाया घालवायच्या नाहीत. कशाचा तरी एक धड फोटो काढा आणि मग बांधून ठेवा ते सगळं. माझ्या भात्याची तरी लाज राखा."

घड्याळजींना अजिबात उत्साह नव्हता. पण फिल्मा वाया घालवणं त्यांच्याही जिवावर आलं. बुटाच्या पॉलिशच्या डबीचं झाकण लेन्सवर फिट्ट बसत होतं. झाकण काढायचं, मोजायचं, परत लावायचं, बिनयंत्राचा कारभार. हातानं कितीही चपळाई केली तरी सेकंदभर जाणारच, म्हणून त्यांनी भिंगाचं तोंड अगदी बारीक करून ठेवलं, म्हणजे उजेड हळूहळू आत शिरेल. फोटो कशाचा काढायचा? घड्याळजीच ते. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा. पहिल्या वेळी वीस सेकंद उघडं ठेवलं, सगळं वाया. दुसऱ्या वेळी दहा. न्हाणीघरातून ते ओला फोटो घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, घड्याळाचा सेकंदकाटा गेला!"

"कुठे जाईल? असेल तिथेच."

"नाही ना! हा बघ तासकाटा, हा मिनिटकाटा. सेकंदकाटा नाहीच!" आणि फोटो हातात तसाच धरून ते भिंतीपाशी धावले. भिंतीवर काटा होता की मजेत. टिक टिक करत फिरत होता. घड्याळजी एकदा फोटोत बघत, एकदा भिंतीवर बघत. मामा असता तर त्याला आठवडाभर पुरेल एवढा तमाशा होता तो.

बाईंनी चष्मा लावला आणि फोटो हातात घेतला. "कसा येईल?" त्या म्हणाल्या. "हे दोन काटे जागेवर होते, ते आले. तो पळत होता. कुठेच टिकला नाही, तर फोटोत कसा टिकणार?"

घड्याळजी त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंची पापणी लवली. मिटली आणि उघडली, सगळ्यांची लवते तशी. थोड्या वेळानं पुन्हा लवली.

"थांब," घड्याळजी म्हणाले. "थांब, थांब, थांब." ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "पळतं ते येत नाही. टिकतं ते येतं. दहा सेकंदांत तुझी पापणी किती वेळा लवेल? तीनदा? चारदा? ती सगळी मिळून एक सेकंद. उरलेले नऊ सेकंद डोळे उघडेच ना? अगं, मी वेडा! मी वेगाच्या मागे लागलो. तुझ्या पापण्यांना हरवायचंच नाहीये. त्यांना करू दे काय करायचं ते!"

लग्नानंतर एका दमात एवढं ते पहिल्यांदाच बोलले असावेत. बाईंना आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी उजेड चांगला असतो."

सकाळी दहा वाजता खिडकीजवळ खुर्ची मांडली. बाईंनी निळी साडी नेसली. आणि अर्थातच मामा हजर झाला, तोही इस्त्रीचा शर्ट घालून. "बहीण भिंतीवर जाणार, तर भावाला मागे उभं राहू द्या," तो म्हणाला. घड्याळजी कपाळाला आठ्या घालून काही बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "राहू द्या. माझा एकच भाऊ आहे."

घड्याळजींनी डोक्यावर काळं कापड घेतलं. काचेवर बाई उलट्या दिसत होत्या, खुर्ची छताला चिकटल्यासारखी, मामाचे पाय वर. त्यांनी भाता मागेपुढे करून चेहरा साफ केला, फिल्म आत सरकवली, कापडातून बाहेर आले आणि कॅमेऱ्याच्या शेजारी, झाकणावर हात ठेवून उभे राहिले. बाईंचे खांदे ताठ झाले होते, ओठ आवळलेले. सगळा जन्म ज्या क्षणाची धास्ती घेतली तो आला होता.

"हे बघ," घड्याळजी म्हणाले. "मान हलवू नकोस. बाकी पापण्या हव्या तेवढ्या मिट."

"काय?"

"मिट की. खुशाल मिट. तुझ्या पापण्या आहेत."

असं बाईंना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पहिलीतल्या फोटोग्राफरनं नाही, आईनं नाही, लेकीनं नाही. त्यांचे खांदे खाली आले, ओठ सैल झाले, आणि घड्याळजींनी झाकण काढलं.

"एक," घड्याळजी मोजू लागले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. सेकंद त्यांच्या अंगातच मुरलेला होता. "दोन." बाईंची पापणी लवली. "तीन."

"मिटले!" मामा ओरडला. "ताई, मिटलेस तू! दाजी, बघा, मिटले!"

"चार. पाच."

"परत! अरे, परत मिटले! दाजी, तुम्ही बघताय ना? झाकण लावा! गेली फिल्म!" आणि मामा एकदा इकडून वाकून बहिणीच्या तोंडाकडे बघतोय, एकदा तिकडून, मधेच दाजींना हातवारे करतोय. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. गोंगाटात स्थिर बसायचं म्हटलं तर एकतीस वर्षांचा सराव होता.

"दहा," म्हणून घड्याळजींनी झाकण लावलं.

फिल्म धुऊन, वाळवून, कागदावर छापायला दुपार झाली. छापायच्या वेळी बाई न्हाणीघरात शिरल्या आणि म्हणाल्या, "आज मीही बघणार." लाल दिव्याखाली दोघं रसायनाच्या तसराळ्यावर वाकून उभे राहिले. बाहेरून मामा दार ठोठावत होता. सकाळपासून तीन कप चहा पोटात गेला होता आणि त्याला न्हाणीघर दुसऱ्याच कारणासाठी हवं होतं.

पाण्यातल्या पांढऱ्या कागदावर आधी खुर्चीची पाठ उमटली. मग साडीचा काठ, मग मांडीवरचे दोन हात. खुर्चीमागे इस्त्रीचा शर्ट आला, बटणांसकट. शर्टाच्या वर कॉलर आली. कॉलरच्या वर काहीच आलं नाही. मामाच्या डोक्याच्या जागी धुरकट ढग होता.

"अगंबाई!" बाई किंचाळल्या. "याचं तोंड कुठे गेलं?"

"पळालं," घड्याळजी म्हणाले, आणि त्या एवढ्याशा अंधाऱ्या खोलीत दोघं नळाला धरून हसायला लागले. हसता हसता बाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा खाली बघितलं. तेवढ्यात त्यांचा स्वतःचा चेहरा वर आला होता.

दोन डोळे होते. उघडे. मोठे, शांत, कडांना सुरकुत्या असलेले, समोर बघणारे डोळे.

बाहेरून दारावर धपाधप थापा पडल्या. घड्याळजींनी फोटो दुसऱ्या पाण्यातून काढून पक्का केला, तेव्हा कुठे बाईंनी दार उघडलं आणि तो ओला कागद दोन बोटांत धरून भावासमोर धरला. मामाची घाई जागच्या जागी थांबली. त्यानं बघितलं. तोंड उघडलं, पण विनोद काही बाहेर येईना. "ताई," तो शेवटी हळूच म्हणाला, "अगं, किती छान दिसतेस तू." मग नजर वर गेली. "आणि माझं डोकं?"

"ते आलं नाही."

"मग मला कापून टाका बाजूला! शाळेत हा असा लावणार?"

"असाच लावणार," बाई म्हणाल्या. "पोरांना कळू दे, सारखं बोलणाऱ्याचं काय होतं ते."

मामा न्हाणीघरात पळाला. फोटोतून पाणी ठिबकत होतं, तरी बाईंना तो खाली ठेववत नव्हता. त्या खिडकीपाशी गेल्या, उजेडात धरून तो पुन्हा पुन्हा बघू लागल्या.

"मी लेन्सकडे बघत नाहीये," त्या म्हणाल्या.

"नाही. मी बाजूला उभा राहून मोजत होतो ना. माझ्याकडे बघत होतीस."

बाई कितीतरी वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिल्या.

"अहो, मी अशी बघते तुमच्याकडे?"

"अशीच," घड्याळजी म्हणाले. "रोज."

"मग इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत?"

घड्याळजींनी हात पुसले, टॉवेल नीट घडी करून ठेवला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला कुठून माहीत असणार?" बाई म्हणाल्या. "मी तर आतून बघत होते."